मत द्यायला माणूस कुठाय?

आमच्या हापिसात जेवणाच्या सुट्टीत तीनच विषय निघतात. पगारवाढ, हिंजवडीचं ट्रॅफिक आणि निवडणूक जवळ आली की "मत द्यायला माणूस कुठाय?". हा तिसरा विषय दरवेळी एकाच रुळावरून जातो. कुणीतरी डबा उघडता उघडता म्हणतं, पूर्वी कसली माणसं होती यार, नेहरू, आंबेडकर, यशवंतराव, एसेम... आणि आता बघ. मग दुसरा म्हणतो, मी तर नोटाच दाबतो. सगळे माना डोलावतात, दोनच्या कॉलची वेळ होते, डबे बंद.

मीही त्या मान डोलावणाऱ्यांतलाच. माझं आयुष्यातलं पहिलं मत २०१७ चं, पुणे महापालिकेचं. इंजिनिअरिंगला होतो, वय एकोणीस. पुण्यात तेव्हा चार-चार नगरसेवकांचे प्रभाग होते, म्हणजे प्रत्येक मतदाराला चार मतं. अ, ब, क, ड. चारही ठिकाणी बटण दाबल्याशिवाय मशीनचा तो लांब बीप वाजत नाही. मी एका ओळखीच्या काकांना मत दिलं, आणि उरलेल्या तीन ठिकाणी नावंसुद्धा न वाचता नोटा दाबून बाहेर आलो. बोटाच्या शाईचा फोटो मात्र लगेच टाकला. "यातला एकही लायक नाही" असं तेव्हा मित्रांना ऐटीत सांगितलं होतं. खरं कारण असं की बाहेर मित्र बाईक सुरू करून उभा होता.

तर हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझे आजोबा. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे डोंबिवलीला गेलो होतो. वय पंच्याऐंशी, कान थोडे कमी झालेत, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. बोलता बोलता मी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं, "आजोबा, तुमच्या वेळी बरं होतं. एकेक माणूस काय मोठा! मत देताना अभिमान वाटत असेल."

त्यांनी पेपरची घडी घातली. "माझं पहिलं मत बासष्टचं," म्हणाले. "पण आमच्या अण्णांचं पहिलं मत बावन्नचं. तेव्हा समोर कोण उभं होतं माहितीये? बाबासाहेब."

"डॉक्टर आंबेडकर? मग दिलं ना त्यांना?"

"नाही रे," आजोबा म्हणाले. "कुजवलं."

अण्णा म्हणजे माझे पणजोबा. कणकवलीकडून मुंबईला आलेले, परळच्या एका गिरणीत साचेवाले. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय, काळी टोपी आणि बारीक मिशी. मत "कुजवणं" हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. परत येताना ट्रेनमध्ये फोनवर वाचायला सुरुवात केली आणि मग दोन-तीन विकांत त्यातच गेले.

पहिली निवडणूक नेमकी कशी झाली हे आपल्याला शाळेत कुणी नीट सांगत नाही. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये हिमाचलातल्या डोंगराळ भागात बर्फ पडायच्या आत मतदान उरकून सुरुवात झाली आणि बाकी देशाचं मतदान १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. मतदार १७ कोटींच्या वर, त्यातले बहुतेक निरक्षर. सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढून टाकावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको नाहीतर तमक्याची आई एवढंच लिहून दिलं. आणि मतपत्रिकेवर शिक्का मारायची भानगडच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. तुम्ही पडद्याआड जायचं आणि हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. युजर इंटरफेस म्हणून विचार केला तर भन्नाटच!

आता यातली मेख. देशात ८६ मतदारसंघ दोन खासदारांचे होते. तिथे एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं, म्हणजे हातात दोन कागद. (एक तीन खासदारांचाही होता, पण तो सोडा.) नियम असा की दोन्ही कागद एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकता येणार नाहीत. टाकलेच तर एक मत धरायचं, दुसरं बाद. मुंबई शहर (उत्तर) हा असाच दोन जागांचा मतदारसंघ होता, आणि गिरणगावातले आमचे अण्णा याच मतदारसंघात.

उमेदवारांची यादी वाचली तेव्हा मी चाटच पडलो. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे डॉ. आंबेडकर, चिन्ह हत्ती. त्यांच्याशी युती करून समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, चिन्ह झाड. कम्युनिस्टांचे कॉम्रेड डांगे, गिरणी कामगारांचे पुढारी, चिन्ह विळा-कणीस. आणि काँग्रेसच्या बैलजोडीवर विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. यातल्या शेवटच्या दोघांची नावं तुमच्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत? मीही ऐकली नव्हती. निवडून आले ते हे दोघे.

बाबासाहेबांना १,२३,५७६ मतं पडली. काजरोळकरांना त्यांच्यापेक्षा चौदा हजारांच्या आसपास जास्त. गंमत म्हणजे अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षाही किंचित जास्त मतं होती, पण सर्वसाधारण जागेवर गांधी त्यांच्या पुढे, म्हणून ते पडले. डांगे बरेच मागे राहिले, लाखाच्याही आत. नंतर आंबेडकर आणि मेहता या दोघांनी मिळून निवडणूक याचिका केली. तिच्यात सत्तर हजारांहून जास्त मतं बाद झाल्याचा मुद्दा होता आणि रोख होता कम्युनिस्टांच्या प्रचारावर. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही कागद एकाच पेटीत टाकून दुसरं मत वाया घालवा, असं मतदारांना पद्धतशीर शिकवलं गेलं. याचिकेतून काही निष्पन्न झालं नाही. पण चौदा हजारांचा फरक आणि सत्तर हजार बाद मतं, हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

त्या सत्तर हजारांत एक कागद आमच्या अण्णांचा.

आजोबा तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. त्यांना आठवतं ते एवढंच की चाळीत लाल बावट्याची माणसं यायची, जिन्याखाली सभा व्हायच्या, दोन्ही कागद विळा-कणसात असं सांगितलं जायचं आणि घरी येऊन अण्णांनी आजोबांच्या आईला सांगितलं, दोन्ही डांगेसाहेबांना टाकले. आता अण्णांना हे ठाऊक होतं का की दुसरा कागद मोजलाच जाणार नाही? आजोबा म्हणाले, ठाऊक असणार. न शिकलेला माणूस होता, खुळा नव्हता. मी विचारलं, मग जातीमुळे? यावर ते जरा थांबले. मग म्हणाले, "युनियन तर होतीच. पण चाळीत कुणी हत्तीला मत देईन असं मोठ्यानं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आमच्या चाळीत सगळे आपलेच लोक होते." आपलेच म्हणजे काय ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

आता आपण पुतळा डोक्यात ठेवून हे वाचतो, म्हणून धक्का बसतो. गावोगावी, चौकाचौकात, हातात पुस्तक घेतलेले बाबासाहेब आपण लहानपणापासून पाहिलेत. अण्णांनी ते पाहिलेच नव्हते! १९५२ च्या मतदाराला दिसत होता तो एक साठीचा, तब्येत खालावलेला माणूस, ज्याने काहीच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९५१ मध्ये, नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. कारण काय तर हिंदू कोड बिल, ज्याच्यावरून अर्धा देश त्यांच्यावर खवळलेला. पक्ष लहान. अख्ख्या देशात त्या पक्षाच्या दोन जागा आल्या, त्यातली एक सोलापूरची, राजभोजांची. समोर नेहरूंची काँग्रेस, ४८९ पैकी ३६४ जागा घेणारी. भारतरत्न मिळालं १९९० मध्ये, जाऊन चौतीस वर्षं झाल्यावर.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ, पुन्हा आंबेडकर आणि अशोक मेहता. मेहता निवडून आले. आंबेडकर पडले, काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून. म्हणजे एकाच आघाडीतले दोन उमेदवार, आणि दोघांपैकी कोण निवडून यावा? या निवडणुकीबद्दल आंबेडकरी चळवळीत एक गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवलं की आपल्या माणसांना दुसरं मत कुजवायला सांगू, म्हणजे आपला फायदा होईल. त्यांनी साफ नकार दिला. ज्याने घटना लिहिली तोच मतं वाया घालवा असं कसं सांगणार, असं त्यांचं म्हणणं होतं म्हणतात. गोष्ट शब्दशः तशीच घडली की नाही यात मी शिरत नाही. निकाल मात्र रेकॉर्डवर आहे.

हे लंचला सांगितलं तेव्हा आमच्यातला एक म्हणाला, "अरे पण निदान ऑप्शन तरी होता ना त्यांच्याकडे! आपल्याकडे तोही नाही." मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच मला पुढचं वाचावं लागलं. ऑप्शन असला की काय होतं?

१९६२, पुन्हा उत्तर मुंबई. एका बाजूला आचार्य कृपलानी. १९१७ साली चंपारणमध्ये गांधीजींबरोबर असलेला माणूस, स्वातंत्र्याच्या वेळी काँग्रेसचा अध्यक्ष. आता काँग्रेसबाहेर पडून विरोधकांच्या पाठिंब्यावर उभा. दुसऱ्या बाजूला संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, संयुक्त राष्ट्रसंघात काश्मीरवर तासन् तास बोललेले, नेहरूंचे लाडके. दोघेही मुंबईचे नाहीत, मराठी तर अजिबात नाहीत. प्रश्न होता चीनचा. सीमेवर चिनी आलेत आणि संरक्षणमंत्री झोपलेत, असं कृपलानींकडचे लोक म्हणत होते. नेहरू स्वतः मेनन यांच्यासाठी प्रचाराला उतरले. मोठ्या माणसांतून निवडायचंच असेल तर यापेक्षा चांगला सामना कुठला? मेनन जवळजवळ दीड लाख मतांनी जिंकले. ही गोष्ट फेब्रुवारीची. ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला आणि नोव्हेंबरमध्ये मेनन यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं.

आणि त्यांच्या जागी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला कोण गेलं? आमच्या लंच टेबलवरच्या यादीतले यशवंतराव. तेच यशवंतराव १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कराडमधून जेमतेम वाचले होते. तेव्हा थोडी मतं इकडची तिकडे झाली असती तर "सह्याद्री हिमालयाच्या मदतीला" वगैरे काही आपण शाळेत ऐकलं असतं का, कुणास ठाऊक.

मेनन यांची गोष्ट इथे संपत नाही. १९६७ ला काँग्रेसने तिकीट नाकारलं, ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. पाडलं कुणी तर स. गो. बर्वे यांनी. पुणेकरांनो, मॉडर्न कॅफेच्या चौकाला ज्यांचं नाव दिलंय तेच बर्वे. आयसीएस अधिकारी, पुण्याचे पालिका आयुक्त होते, पानशेतच्या पुरानंतर शहर उभं करायचं काम ज्यांच्याकडे होतं ते. त्या निवडणुकीत नव्याने निघालेल्या शिवसेनेने मेनन "बाहेरचे" म्हणून जोरदार विरोध केला होता. म्हणजे पाच वर्षांपूर्वी बाहेरचेपणा कुणाला खुपला नव्हता, आता खुपला. बर्वे निवडून आल्यावर काही दिवसांतच वारले. पोटनिवडणुकीत त्यांची बहीण, तारा सप्रे, उभी राहिली आणि मेनन पुन्हा पडले. आज आपण घराणेशाही घराणेशाही म्हणून बोंबलतो... असो.

हे सगळं वाचून माझं मन असं झालं होतं की मतदार म्हणजे मूर्ख जमात, आणि आमचे अण्णा त्यातलेच. मग गावाकडची बाजू समोर आली.

अण्णा मुंबईत, पण पणजी पुढे गावीच राहायला गेली. कोकणातल्या अर्ध्या घरांसारखंच आमचं घर, पुरुष मुंबईत आणि महिन्याची मनिऑर्डर गावाला. शेती भाताची, तीही पावसावर. अशा घरांतल्या, सही येत नसलेल्या बायका राजापूर मतदारसंघात १९५७ पासून कुणाला निवडून देत होत्या? बॅरिस्टर नाथ पैंना. वेंगुर्ल्याचा माणूस, लंडनला शिकलेला, प्रजा समाजवादी पक्षाच्या झोपडीवर उभा. १९५७, ६२ आणि ६७, तिन्ही वेळा. लोकसभेतली त्यांची भाषणं ऐकायला सभागृह भरायचं असं त्यांच्या काळातले लोक लिहून गेलेत. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल आला आणि मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही असं कोर्टाने म्हटलं, तेव्हा संसदेचा अधिकार परत आणायचं विधेयक विरोधी बाकांवरून यांनी मांडलं, खासगी सदस्य म्हणून. त्या विधेयकाबद्दल दोन मतं असू शकतात. मला स्वतःला कोर्टाची बाजू जास्त पटते. पण कणकवली-मालवणच्या मनिऑर्डरवर जगणाऱ्या लोकांचा खासदार दिल्लीत असल्या प्रश्नावर देशाचा अजेंडा ठरवत होता, हे काय कमी आहे?

नाथ पै १९७१ च्या जानेवारीत वारले. त्यांच्या जागी आले मधू दंडवते, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक. (सिद्धार्थ कॉलेज कुणी काढलं? आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने. मला हे फार आवडलं.) १९७१ ची इंदिरा लाट, १९८४ ची सहानुभूतीची लाट, दोन्हींत दंडवते टिकले. १९७१ ते १९८९ अशा सलग पाच निवडणुका. १९७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोम बसवायला त्यांनी सुरुवात केली. आज आपण स्लीपरमध्ये पाठ टेकतो त्यामागे हा माणूस आहे. कोकण रेल्वेसाठी तर ते जन्मभर झगडले.

मग पणजीला नाथ पैंचं मोठेपण कसं कळलं आणि अण्णांना आंबेडकरांचं का नाही? आजोबांचं उत्तर साधं होतं. नाथ पै गावात यायचे. चालत यायचे, अंगणात बसायचे, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचे. पणजीने गोलकनाथ हे नाव ऐकलेलं असणं शक्यच नाही. तिने माणूस पाहिला होता. अण्णांनी बाबासाहेबांना कधी जवळून पाहिलं नाही, आणि नायगाव-परळच्या एकाच रस्त्यावर राहूनही ज्या वस्तीत बाबासाहेबांची सभा व्हायची तिथे अण्णा जात नव्हते. दहा मिनिटांचं अंतर होतं, आजोबा म्हणाले.

कोकणाचं फार गोड चित्र होऊ नये म्हणून हेही सांगतो. १९९१ मध्ये दंडवते पडले. कोकण रेल्वे कॉर्पोरेशन १९९० मध्ये स्थापन झालं होतं, रेल्वे येणार हे दिसत होतं, आणि त्याच सुमारास तिच्यासाठी झगडलेला खासदार लोकांनी घरी पाठवला. गावच्या चुलत आजोबांना फोनवर विचारलं, तुम्ही ९१ ला मत कुणाला दिलंत? ते हसले आणि यंदा आंबा कसा होईल त्यावर बोलायला लागले.

आता "तेव्हा आणि आता" यातला खरा फरक. फरक नाहीच असं म्हणणारा मी नाही. मला तो माणसांच्या दर्ज्यापेक्षा आधी आकड्यांत दिसतो, इंजिनिअरची खोड. १९५२ मध्ये १७ कोटी मतदारांमागे ४८९ खासदार, म्हणजे एका खासदाराला सरासरी साडेतीन लाख मतदार. २०२४ मध्ये ९६ कोटींहून जास्त मतदार आणि खासदार ५४३, म्हणजे जवळजवळ अठरा लाख. सरळ सरळ स्केलिंगचा प्रॉब्लेम! साडेतीन लाखांच्या अंगणात पाच वर्षांत चालत फिरता येईल, अठरा लाखांच्या नाही. मग मधे बॅनर येतात, आयटी सेल येतो, आणि हे सगळं चालवायला पैसा येतो. पैशाचा माणूस मग आपोआप पुढे. लोकसभेच्या उमेदवाराची कायदेशीर खर्चमर्यादा पहिल्या निवडणुकीत २५ हजार होती, २०२४ ला महाराष्ट्रात ९५ लाख. महागाई धरली तरी यातली कागदावरची मर्यादा आणि रस्त्यावरचा खर्च यांचा संबंध किती, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरं म्हणजे पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली. सतरावी लोकसभा, २०१९ ते २०२४, बसली २७४ दिवस. बसायचेच दिवस निम्म्याहून कमी, तर नाथ पै तयार होणार कुठे? वर १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा. आयाराम-गयाराम थांबवायला आणला. ते थांबले का हे महाराष्ट्रातल्या माणसाला विचारू नये. पण व्हिप मोडून मत दिलं तर खासदारकी जाते, त्यामुळे स्वतःच्या पक्षाला सभागृहात आडवं जाणारा माणूस मात्र नक्की थांबला. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं होतं. आजही ते कायद्याने अशक्य नाही. पण सोडून जाणार कुठे?

तर अशी दोन्ही बाजूंची रड आहे. पण एक गोष्ट अण्णांकडे नव्हती आणि माझ्याकडे आहे. सुप्रीम कोर्टामुळे २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. शिक्षण, मालमत्ता, कर्ज, गुन्हे, सगळं. फुकट, पीडीएफमध्ये. २०२४ च्या लोकसभेला मी आळस झटकून माझ्या मतदारसंघातली काही वाचली. कंटाळवाणं काम आहे, स्कॅन तिरके असतात, हस्ताक्षर वाचवत नाही. पण मत देताना मला निदान माहीत होतं की मी कुणाला का देतोय. तो माणूस थोर आहे का? नसावा. पुढे होईल का? अण्णांच्या नातवाचा मुलगा या विषयावर भाकीत करणार नाही!

अण्णांच्या गोष्टीचं एक शेपूट राहिलं. १९५७. बाबासाहेब आदल्या डिसेंबरात गेले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत लाल बावटा आणि फेडरेशन आता एकत्र. गिरणगावात मुंबई शहर (मध्य) हा दोन जागांचा मतदारसंघ, त्यात डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ माने, दोघेही समितीतर्फे. पुन्हा पेट्या, पुन्हा दोन कागद. दोघेही निवडून आले. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे, त्यांना हे स्वच्छ आठवतं. अण्णा मतदान करून आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, एक कणसाला टाकला, एक हत्तीला. आजोबांच्या आईने विचारलं, हत्तीला कसा काय? "आता समितीचा आहे," एवढंच म्हणाले. पुढच्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेले का, असं मी आजोबांना आशेने विचारलं. नाही गेले. कधीच नाही.

पुण्याला परत आल्यावर मी २०१७ ची आमच्या प्रभागाची उमेदवारांची यादी शोधून काढली. ज्या तीन जागांवर मी नोटा दाबला होता त्यातल्या एका जागेवर एक बाई अपक्ष उभ्या होत्या. नाव वाचून आईला विचारलं. आई म्हणाली, अरे त्या नाही का, मागच्या वस्तीतल्या लोकांच्या रेशनकार्डांसाठी रोज खेपा घालायच्या, आपल्या कामवाल्या मावशींचं कार्ड त्यांनीच करून दिलं. त्या पडल्या. आता कुठे असतात, विचारलं. आईला माहीत नव्हतं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, भाडं परवडेना म्हणून तिकडे वाघोलीच्या पुढे राहायला गेल्या, निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी.